गोळी एकही चुकली नाही, तरी फिट का आली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. बहिणीचं वय २७. पंधराव्या वर्षापासून अपस्मार. व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन या दोन गोळ्या रोज चालू, गेल्या चार वर्षांत एकही फिट नाही. मध्यंतरी लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, रुग्णालयात ठेवून सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं आणि चौथ्या दिवशी तिथेच मोठी फिट आली. गोळ्या तुम्ही स्वतः हातावर ठेवत होतात, एकही चुकली नव्हती. आता आई म्हणते, शरीराला औषधाची सवय झाली, डोस वाढवा. तुम्हाला वाटतं, तापामुळे झालं असेल, सोडून द्या. शिवाय कुठली औषधं टाळायची त्याची यादी तुम्ही मागितली आहे, आणि गोळ्यांचा ब्रँड बदलला तर चालतं का, हेही विचारलं आहे.

यादीकडे येतो. पण डिस्चार्ज कार्डवरून तुम्ही उतरवलेल्या नावांत दुसऱ्याच ओळीत मेरोपेनेम आहे, आणि माझी नजर तिथेच थांबली.

मेरोपेनेम, इमिपेनेम, एर्टापेनेम ही एकाच घराण्यातली ताकदवान अँटिबायोटिक्स, कार्बापेनेम म्हणतात त्यांना. यांचं आणि व्हॅल्प्रोएटचं अजिबात जमत नाही. व्हॅल्प्रोएट यकृतात एका साखरेसारख्या रेणूला बांधलं जाऊन शरीराबाहेर जाण्याच्या रांगेत उभं राहतं. त्या रांगेतलं काही औषध एक विकर पुन्हा मोकळं करतं आणि ते रक्तात परत येतं. कार्बापेनेम या विकराचंच काम बंद पाडतं, असं मानलं जातं. यंत्रणा काहीही असो, परिणामाबद्दल शंका नाही : एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी अर्ध्याहून खाली येते, कित्येकदा तर मोजण्याइतकीही उरत नाही. त्यात व्हॅल्प्रोएट हे लॅमोट्रिजिन शरीराबाहेर जाण्याचा वेग कमी ठेवत असतं. ते गेलं की लॅमोट्रिजिनही लवकर निघून जाऊ शकतं. म्हणजे बहीण गोळ्या दोन घेत होती, पण त्या आठवड्यात तिच्या रक्तात बहुधा एकच होती, तीही पातळ झालेली. वर ताप आणि रुग्णालयातली अर्धवट झोप.

मी तिला तपासलेलं नाही, त्या दिवशीची व्हॅल्प्रोएटची लेव्हल, म्हणजे रक्तातली पातळी, कुणी काढली होती का तेही तुम्ही लिहिलेलं नाही. तरी तुम्ही दिलेल्या हकिगतीत हेच कारण सर्वांत घट्ट बसतं.

मग आईच्या म्हणण्याचं काय? शरीराला सवय होणं हा प्रकार खोटा नाही, क्लोबाझाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांत तो दिसतो. पण चार वर्षं शांत असलेली फिट बरोबर चौथ्या दिवशी सवयीमुळे येत नाही. आणि व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवण्याचा एक तोटा आहे. मेरोपेनेम चालू असताना कितीही वाढवला तरी पातळी फारशी वर येत नाही, आणि ते बंद झाल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ती आपोआप पूर्ववत होते. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला असेल तर गुंगी, हात थरथरणं, उलट्या सुरू होतात. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी कुणी डोस वाढवून दिला असेल तर तो ‘आता कायम हाच’ असं धरून बसू नका. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना मेरोपेनेमचं नाव आणि ते किती दिवस दिलं तेवढं सांगा, पुढचं त्यांच्या लगेच लक्षात येईल.

रुग्णालयावर राग काढू नका, एवढंही सांगतो. काही जंतूंवर दुसरं कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही, आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग फिटपेक्षा लवकर जीव घेतो. अशा वेळी मेरोपेनेम द्यावंच लागतं, पण जोडीला काही दिवसांपुरतं लेव्हेटिरासिटॅमसारखं दुसरं फिटचं औषध देता येतं. चूक झाली असेल तर ती बहुधा इतकीच, की ही मुलगी व्हॅल्प्रोएटवर आहे हे अँटिबायोटिक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी नव्हतं.

आता यादी. सरसकट ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ असे दोन रकाने करण्याच्या मी विरोधात आहे. लोक ती यादी फ्रिजवर चिकटवतात आणि मग न्यूमोनिया झालेला असताना अँटिबायोटिकच नाकारतात. दुसरं औषध फिटच्या रुग्णाचं दोन वेगळ्या प्रकारे बिघडवतं, ते समजून घेतलंत तर नावं पाठ करायची गरज कमी पडते.

पहिला प्रकार म्हणजे नवं औषध जुन्या औषधाची पातळी हलवतं. तुमच्या बहिणीचं झालं तसं, किंवा नेमकं उलट. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध घेणाऱ्याला घशासाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की दोन-चार दिवसांत एकाचे दोन दिसायला लागतात, तोल जातो, मळमळतं. कार्बामाझेपिन मोडण्याचं काम मंदावलेलं असतं. त्याच कुळातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन सहसा हा त्रास देत नाही, म्हणजे पर्याय हाताशी असतो, फक्त विचारायला हवं. क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड हे फेनिटॉइन (हेही फिटचंच औषध) आणि कार्बामाझेपिनची पातळी वाढवतं, तर रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांची पातळी पाडतं, आणि ही दोन्ही एकाच वेळी दिली जातात. अशा रुग्णाची लेव्हल अंदाजाने सांगता येत नाही, ती मोजावीच लागते. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल फेनिटॉइन वाढवतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी सुमारे निम्म्यावर आणू शकतात.

हा रस्ता उलटाही चालतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही यकृताला जास्त कामाला लावणारी फिटची औषधं. त्यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन, रिव्हरॉक्साबान, अ‍ॅपिक्साबान यांचा जोर कमी होतो. म्हणून हृदयरोगाच्या डॉक्टरांनाही फिटच्या गोळ्यांची नावं माहीत असायला हवीत. पुष्कळ रुग्ण ती सांगत नाहीत. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ते वेगळं आहे, त्याचा याच्याशी काय संबंध?’

दुसऱ्या प्रकारात पातळीला धक्काही लागत नाही, पण मेंदूचा फिट रोखून धरण्याचा उंबरठा खाली येतो. यात मला सर्वांत जास्त भेटणारं नाव ट्रॅमाडॉल, दुखण्यावरचं. पाठदुखी, दातदुखी, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, कशालाही ते लिहिलं जातं. कित्येकदा पॅरासिटॅमॉलबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे नाव लक्षातही येत नाही. धूम्रपान सोडण्यासाठी आणि नैराश्यावर वापरलं जाणारं ब्युप्रोपिऑन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन, दम्यासाठीचं थिओफिलिन, मलेरिया टाळण्यासाठीचं मेफ्लोक्विन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली अँटिबायोटिक्स, मूत्रपिंड अशक्त असताना पूर्ण डोसात दिलेलं सेफेपिम हे अँटिबायोटिक, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांतलं डायफेनहायड्रामिन, हे सगळे याच गटातले. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर फिट येऊ शकते, निरोगी माणसालाही. साधं पॅरासिटॅमॉल मात्र ताप आणि अंगदुखीला खुशाल घ्या, प्रमाणात.

वनस्पतींच्या पुड्यांबद्दल एक. ‘यात फक्त जडीबुटी आहे’ म्हणून दिलेल्या पुड्यांत चक्क फेनोबार्बिटोन मिसळलेलं प्रयोगशाळेत आढळलेलं आहे. पुडीने फिट थांबतात, घरचे खूश होतात, मग एक दिवस पुड्या संपतात. फेनोबार्बिटोन अचानक तुटलं की एकामागून एक फिट येतात आणि आम्हाला कळतही नाही की काय तुटलं.

बहीण फेनिटॉइनवर नाही हे माहीत असूनही त्याबद्दल थोडं लिहितो, कारण ‘थोडा डोस वाढवून बघू’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य या औषधाच्या बाबतीत सर्वांत महागात पडतं. बहुतेक औषधांत डोस जितक्या पटीने वाढेल साधारण तितक्याच पटीने पातळी वाढते. फेनिटॉइन मोडणारी यकृतातली विकरं मात्र नेहमीच्या डोसलाच जवळपास पूर्ण गुंतलेली असतात. त्यावर थोडी भर पडली की ती साचत जाते. ३०० मिलिग्रॅमवर व्यवस्थित असलेला माणूस ४०० वर आठवड्या-दोन आठवड्यांत झिंगल्यासारखा चालायला लागतो. माझ्याकडे असे एक गृहस्थ आले होते, तोल जात होता, बोलणं जड झालं होतं, आणि मुलाला पक्का संशय की बाबा चोरून पितात. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. फिट आली म्हणून त्यांनी आपल्याच मनाने एक कॅप्सूल वाढवली होती, ‘एकच तर’.

हाच स्वभाव ऑस्ट्रेलियात १९६८ साली मोठ्या प्रमाणावर दिसला. फेनिटॉइनवरच्या अनेक रुग्णांना एकाएकी विषबाधेची लक्षणं दिसू लागली. डोस कुणीच बदलला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर भरण्याचा जो निरुपद्रवी पदार्थ असतो तो बदलला होता : कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज. आधी कॅल्शियम सल्फेटमुळे थोडं औषध शोषलंच जात नव्हतं. लॅक्टोज आलं आणि तेही शोषलं जाऊ लागलं.

म्हणून ब्रँड बदलण्याच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर औषधागणिक वेगळं आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली फिटच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन पहिल्या गटात : एकाच उत्पादकाचं औषध चालू ठेवा. व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन मधल्या गटात : रुग्ण पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. लेव्हेटिरासिटॅम तिसऱ्यात, तिथे बदलाची विशेष चिंता नाही. मला ही विभागणी पटते आणि मी तीच पाळतो. तुमच्या बहिणीसारखी, चार वर्षं शांत असलेली रुग्ण असेल तर उगाच बदलत नाही, पण नेहमीचा ब्रँड मिळाला नाही म्हणून दोन दिवस गोळीच न घेणं हे ब्रँड बदलण्यापेक्षा कितीतरी वाईट. औषध हातात पडलं की ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचा. नावं फसवी असतात. लॅमोट्रिजिनचा लॅमिक्टल हा ब्रँड आणि बुरशीवरचं लॅमिसिल यांची अदलाबदल इतक्या वेळा झाली आहे की अमेरिकेत त्यावर अधिकृत इशारे निघाले. एकाच औषधाची साधी आणि सावकाश सुटणारी अशा दोन प्रकारच्या गोळ्या असतात, त्याही सारख्या समजू नका. सावकाश सुटणारी गोळी कुटून किंवा चावून खाल्ली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

लहान मुलांच्या पातळ औषधात आणखी एक गंमत होते, गंमत कसली, पंचाईत. फेनिटॉइनचं सस्पेन्शन तळाशी बसतं. बाटली न हलवता औषध दिलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं वरचं पाणी पोटात जातं आणि शेवटच्या दिवसांत सगळा गाळ. आई सांगते, ‘बाटली नवी असताना फिट येते आणि संपत आली की पोर दिवसभर झोपतं.’ हे ऐकलं की मी आधी बाटली हलवायला सांगतो, रक्त तपासायला नंतर. आणि मापाला घरातला चमचा नको, सिरिंज घ्या. चिठ्ठीवर मिलिलिटर लिहिलंय की मिलिग्रॅम, हे दोनदा बघा.

गोळ्या ठेवण्याची जागा लोक फार हलक्यात घेतात. कार्बामाझेपिनची गोळी दमट हवेत राहिली तर कडक होते आणि तिच्यातलं एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त औषध शरीराला मिळतच नाही. न्हाणीघरातलं आरशामागचं कपाट त्यासाठी अगदी वाईट. व्हॅल्प्रोएट तर हवेतलं पाणी ओढूनच घेतं. तुम्ही आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवता असं लिहिलंय, सवय उत्तम आहे, पण व्हॅल्प्रोएट स्ट्रिपमधून सोडवू नका. स्ट्रिप कात्रीने कापून आवरणासकट डबीत ठेवा.

डोस चुकला तर? दिवसातून दोनदा घ्यायचं औषध असेल तर साधारण सहा तासांच्या आत आठवलं की घेऊन टाका, त्यापेक्षा उशीर झाला तर तो सोडून पुढचा वेळेवर घ्या. दोन डोस एकदम नकोत. गोळी घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उलटी झाली किंवा उलटीत गोळी दिसली तर पुन्हा घेता येते. रक्त तपासणीसाठी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहायला सांगतात तेव्हा लोक फिटची गोळीही टाळतात. ती सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

लॅमोट्रिजिनचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो बहिणीला पाठ असलाच पाहिजे. सलग पाचेक दिवस हे औषध बंद राहिलं तर थेट जुन्या डोसवर परतायचं नाही. डॉक्टरांना फोन करायचा, ते पुन्हा तळापासून चढवत नेतील. कारण आहे अंगावरची पुरळ. डोस झपाट्याने वाढला, आणि त्यात व्हॅल्प्रोएट जोडीला असलं, तर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. बहुतेक पुरळ साधी असते, पण क्वचित तीच पुढे त्वचा सोलवटून टाकणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या आजारात बदलते. ताप, तोंडात फोड, डोळे लाल, त्वचा दुखरी, यांपैकी काही पुरळीबरोबर दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कार्बामाझेपिनलाही हा धोका आहे. आशियाई वंशाच्या काही लोकांत एचएलए-बी*१५०२ हा जनुकीय प्रकार असेल तर तो बराच वाढतो, म्हणून कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी काही ठिकाणी ही तपासणी करून घेतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण न सांगता पुढे जाणं मला जमणार नाही. बहीण २७ वर्षांची आहे आणि व्हॅल्प्रोएटवर आहे. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर दर १० बाळांमागे सुमारे एकाला जन्मजात व्यंग असतं, आणि दर १० मागे ३ ते ४ मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडचणी दिसतात. हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं आहे का? तुम्हाला किंवा आईला नाही, तिला. सांगितलं नसेल तर पुढची भेट याच विषयाची असू द्या. काहींना व्हॅल्प्रोएटशिवाय फिट आवरत नाहीत हे खरं, तेव्हा निर्णय सोपा नाही, पण तो तिने माहिती घेऊन करायचा आहे. हे वाचून गोळी उद्यापासून बंद करू नका. व्हॅल्प्रोएट कमी होताना लॅमोट्रिजिनची पातळीही घसरते, दोन्हींचा हिशोब एकत्र मांडावा लागतो. गरोदरपणात लॅमोट्रिजिन शरीराबाहेर भराभर जातं, त्यामुळे तेव्हा डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर परत उतरवावा लागतो. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू असलेलं बरं.

चार वर्षं फिट नव्हती म्हणून गोळ्या थांबवायचा विचार घरात चालू होता, असं तुमच्या शेवटच्या ओळीवरून वाटलं. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, किमान दोन वर्षं फिट न आलेल्या १,०१३ रुग्णांपैकी काहींची औषधं हळूहळू बंद केली, काहींची चालू ठेवली. दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांत ७८ टक्के आणि बंद करणाऱ्यांत ५९ टक्के लोक फिटमुक्त होते. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त जण ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही काहींना फिट आलीच. कोणत्या प्रकारचा अपस्मार आहे यावर पुष्कळ ठरतं. मेरोपेनेमच्या आठवड्यातली ही फिट त्या हिशोबात कशी धरायची, ते न्यूरॉलॉजिस्टना मोकळेपणाने विचारा.

घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आहे म्हणता, छान. फिट पाच मिनिटांपुढे गेली तर तो वापरायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. तोंडात काहीही घालायचं नाही, गोळी नाही, पाणी नाही. स्प्रेची मुदत आजच बघा. न वापरलेला स्प्रे मुदत संपूनही कपाटात तसाच पडून असतो, असं मी नेहमी पाहतो.

आता करायचं काय ते. मेरोपेनेम बंद होऊन दोन आठवडे झाले की सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन व्हॅल्प्रोएटची लेव्हल काढा. गोळी घेऊन दिलेल्या रक्तातला आकडा फुगलेला येतो. फोनमध्ये आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : दोन्ही औषधांची मूळ नावं, मिलिग्रॅम, वेळा, आणि खाली ‘व्हॅल्प्रोएट चालू आहे, कार्बापेनेम देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला’. रुग्णालयात दाखल करताना ती तोंडी सांगू नका, केसपेपरला लावायला द्या. आणि पुढच्या भेटीला रुग्णालयातल्या औषधांचा तक्ता घेऊन जा, डिस्चार्ज कार्ड पुरेसं नाही. कुठल्या दिवशी कुठल्या वेळी मेरोपेनेमचा पहिला डोस गेला ते त्या तक्त्यातच सापडेल.